दोरीच्या अलीकडची सतरंजी

रविवार, १७ नोव्हेंबर १९९१. दुपारचे साडेचार वाजले होते. नांदवडच्या जुन्या मार्केट यार्डातील शेंगांच्या रिकाम्या शेडमध्ये माझ्या टेबलापुढे तीनशे चौदा माणसांची रांग लागली होती आणि त्या सर्वांनी आपला उजवा हात, तळवा वर करून, पुढे धरला होता. तीर्थ घ्यायला आलेल्या मंडळींसारखी ती दिसत होती. फरक एवढाच, की तीर्थ घेणारा माणूस शेजाऱ्याच्या तळव्याकडे संशयाने पाहत नाही.

"पुढचे या," मी म्हणालो.

पुढे आले ते पतपेढीचे व्यवस्थापक सबनीस. त्यांचा तळवा लालभडक झाला होता.

"सबनीस, विटेने घासलात?"

"छे हो माणगावे! बागकाम. गुलाब लावलेत."

"गुलाब लावल्यात का गुलाबाला फरशी बसवलीय, सायेब?" मागून शिवाप्पा हमाल ओरडला आणि रांग हसून वाकली.

मी सबनिसांचा तळवा लाकडी ठोकळ्यावर ठेवला आणि यंत्राची दांडी खाली आणली. यंत्र साधेच होते. एक पितळी दांडी, तिच्या टोकाला गुळगुळीत पोलादी गोळी, आत स्प्रिंग आणि वर काटा असलेली तबकडी. तळवा मऊ असला की गोळी आत रुते आणि काटा थोडासा हलून थांबे. तळवा कठीण असला की काटा पुढे धावे. पन्नासाच्या आकड्यावर मी लाल रेघ ओढली होती. मी त्या यंत्राचे नाव ‘श्रममापक’ असे ठेवले होते. नांदवडने ते दोन दिवसांत ‘घट्टामीटर’ करून टाकले.

"चौतीस," मी वाचले.

"पुन्हा घ्या ना एकदा. हाताला घाम आला होता."

"मग तर बरंच की!" शिवाप्पा म्हणाला. "पक्षच घामाचा हाय!"

सबनीसही हसत हसत दोरीपलीकडे जाऊन बसले. त्या दिवशी सगळेच हसत होते. पन्नासच्या वर आकडा आलेला माणूस दोरीच्या अलीकडे, व्यासपीठासमोरच्या लाल सतरंजीवर उड्या मारत जाई. पन्नासच्या खालचा माणूस दोरीपलीकडच्या गोणपाटावर जाई, तोही लाजत, खिदळत, पुढच्या वेळी दाखवतोच म्हणत. वीस-पंचवीस जण घमेली पालथी घालून बडवत होते. घमेले हे पक्षाचे चिन्ह. पत्र्याच्या छपराखाली तो नाद असा घुमे, की माझा काटा नुसत्या आवाजानेच दोन अंश थरथरे. ती दुरुस्ती मी मनातल्या मनात वजा करत होतो.

या खेळात एक गोष्ट मात्र खेळ नव्हती. सहा वाजता पक्षाचे नेते तात्यासाहेब चिवटे येणार होते आणि सहा नंबरच्या वॉर्डाची उमेदवारी जाहीर करणार होते. इच्छुक दोन होते. ज्याचा आकडा मोठा त्याला उमेदवारी, असा तात्यासाहेबांचाच शब्द होता.

त्या दोघांविषयी सांगण्यापूर्वी हे सारे सुरू कसे झाले ते सांगणे क्रमप्राप्त आहे.

तात्यासाहेब ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेजारच्या तालुक्यातून उघड्या जीपमध्ये उभे राहून आमच्या गावात आले. त्यांच्या पक्षाचे नाव श्रमसन्मान आघाडी. पहिल्याच सभेत त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेऊन विचारले, "या गावात जाती किती?"

कुणी बारा म्हणाले, कुणी अठरा.

"खोटं! जाती दोनच. घट्टेवाले आणि मऊ हातवाले. घट्टेवाला खोटं बोलत नाही, कारण त्याला तेवढी सवडच नसते! आणि मऊ हातानं काय होतं? सांगा, काय होतं?"

सभा आपापल्या हातांकडे पाहू लागली.

"सही होते! या देशात आजवर जेवढं वाटोळं झालं, तेवढं सगळं सहीनं झालं!"

सभेत बसलेल्या निम्म्या लोकांनी आयुष्यात शेकडो सह्या केल्या असतील. तेही टाळ्या वाजवत होते. मी स्वतः त्या वेळी एका इंजिनांच्या कारखान्यात दर्जा-तपासणीचा पर्यवेक्षक होतो आणि दिवसभरात दोनशे सुट्या भागांच्या पावत्यांवर सही करत होतो. मीही टाळ्या वाजवल्या.

भाषण संपल्यावर तात्यासाहेब गर्दीत उतरले आणि एकेकाचा हात हातात घेऊ लागले. माझ्यापाशी थांबले. शासकीय तंत्रनिकेतनात पदविका घेताना आम्ही सहा महिने फक्त कानस चालवली होती. पुढे मला तो छंदच जडला आणि घराच्या पडवीत लोखंड पकडायचा शेगडा बसवून मी रोज काही ना काही घासत असे. त्याचा घट्टा तळव्याच्या मुळाशी होता. तात्यासाहेबांनी त्यावर अंगठा फिरवला आणि माझा हात वर उचलला.

"हा आपला माणूस!"

कारखान्यात कामगार मला ‘साहेब’ म्हणून दूर ठेवत आणि साहेबलोक ‘डिप्लोमा’ म्हणून दूर ठेवत. मधल्या जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही मजल्यांवरचे लोक जागा द्यायला सांगतात, तसे माझे पंधरा वर्षे चालले होते. त्या दिवशी शिवाप्पाने मला मिठी मारली. ती मिठी, खरे सांगायचे तर, भुईमुगाच्या पोत्याला मारतात तशी होती, पण मी तरंगतच घरी गेलो.

"अहो, हे डोक्यावर काय?" माझ्या पत्नीने, पद्मावतीने, दारातच विचारले.

"घमेले."

"ते दिसतंय. का, ते विचारतेय."

"आपण घट्टेवाले आहोत, पद्मा."

"काल संध्याकाळपर्यंत आपण चतुर्थ जैन होतो," ती म्हणाली. "आणि पीठ दळून आणायचं होतं."

पुढच्या सभांना रंग चढत गेला. घट्टेवाल्यांनी पुढे बसायचे आणि मऊ हातवाल्यांनी मागे, असा रिवाज पडला. मध्ये दोरी बांधली जाऊ लागली. आणि तिथेच भांडणे सुरू झाली. शिंपी म्हणे, सुई टोचते ती बोटाला, मग बोट पाहा. तबलजी म्हणे, माझी बोटे पाहा. न्हाव्याला कुणी पुढे बसू देईना, तर त्याने कार्यकर्त्यांची अर्धी दाढी करून उठून जायचा धाक घातला. शेवटी तात्यासाहेबांनी मला बोलावून घेतले.

"माणगावे, तुम्ही तांत्रिक माणूस. वाद मिटेल असं काहीतरी करा."

मी आठ दिवसांत यंत्र केले. ओतशाळा, लेथ, भट्टी आणि हमाली अशा विभागांतील चाळीस कामगारांचे तळवे मोजून लाल रेघ ठरवली. घरी प्रात्यक्षिक म्हणून पद्माला हात पुढे करायला सांगितले.

"नको. लग्नात एकदा दिला तेवढा पुरे," ती म्हणाली. मग तबकडीकडे पाहत तिने विचारले, "चाळीस जण मोजलेत. त्यात बायका किती?"

"कारखान्यात बायका नाहीत."

"बरं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. तिचे ‘बरं’ मला त्या वेळी संमतीसारखे वाटले.

आता ते दोन इच्छुक.

पहिल्या गोदावरी तुकाराम परीट. सारे गाव त्यांना गोदाक्का म्हणे. नदीच्या घाटावर त्यांची धुणावळ आणि बाजारपेठेमागे इस्त्रीचे दुकान. सहाव्या वॉर्डात पक्ष उभा केला तो त्यांनी. इस्त्री केलेल्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात त्या पक्षाचे पत्रक घालून देत. माणूस सकाळी पेन ठेवायला खिशात बोटे घाली आणि तात्यासाहेब बाहेर येत. सभेतली दोरीसुद्धा त्यांचीच. कपडे वाळत घालायची लांब सुती दोरी त्यांनी स्वतः आणून शेडच्या खांबांना बांधली होती.

त्यांना नगरपालिकेत का जायचे होते हे गावाला ठाऊक होते. घाटाच्या वरच्या अंगाला एक रंगखाना होता आणि त्याचे पाणी थेट नदीत सुटे.

"आज निळं, उद्या जांभळं," त्या मला म्हणाल्या होत्या. "सबनीस सायबांचा पांढरा सदरा परवा गुलाबी आला. पैसं तर दिलंच न्हाईत, वर म्हणाले, अक्का, मी काय नवरदेव हाय? चार घरं गेली माझी ह्या महिन्यात. आणि दोन म्हैनं असंच चाललं तर दुकानाला कुलूप. आत जाऊन बसल्याबिगर त्यो पायप कोण बंद करायचं न्हाई."

दुसरे इच्छुक रणधीर बोंद्रे. तो रंगखाना त्यांचाच. ते तालमीत रोज पहाटे मुद्गल फिरवत, त्यामुळे त्यांचे तळवे वाळलेल्या चामड्यासारखे झाले होते. पक्षात येऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. "मालक असलो तरी मनगटानं कामगार आहे," असे ते प्रत्येक सभेत म्हणत आणि मनगट दाखवत.

तर, साडेपाच वाजता बोंद्रे टेबलाशी आले. त्यांनी बाही सारली, हात ठोकळ्यावर आपटला आणि सभेकडे पाहून मिशीला पीळ दिला.

काटा लाल रेघ ओलांडून पळाला.

"एकाहत्तर."

शेडचे पत्रे उडतील असा गलका झाला. तोवरचा सर्वांत मोठा आकडा शिवाप्पाचा, अडुसष्ट. पण शिवाप्पानेच बोंद्र्यांना खांद्यावर घेतले. "मालक, तुमी आमच्यातलंच!" तो ओरडत होता. बोंद्रे वरून घमेले वाजवत होते. त्यांच्या रंगखान्यात शिवाप्पाच्या मजुरीचे दोन आठवडे अडकले होते हे मला माहीत होते. त्या क्षणी शिवाप्पाला ते माहीत नव्हते.

मग गोदाक्का आल्या. नवे इरकली लुगडे नेसल्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसला आणि पुढे केला.

मी दांडी खाली आणली. गोळी तळव्यात रुतली. काटा थोडा हलला आणि थांबला. मी तबकडीवर बोट वाजवले. काटा जागचा हलला नाही.

"किती वो, सायेब?"

"अक्का, डावा हात द्या पाहू."

त्यांनी डावा दिला. मी पुन्हा मोजले.

"किती?"

"उजवा एकोणीस. डावा सतरा."

घमेली थांबली. गोदाक्कांनी आपले तळवे डोळ्यांसमोर धरले, जणू ते त्यांना आत्ताच कुणी आणून दिले होते. पांढरे, सुरकुतलेले, कडेला भेगा, आणि मध्ये लोण्यासारखे मऊ.

"पंचवीस वरसं पाण्यात हाय की," त्या म्हणाल्या. "सोड्यानं साल निघती. घट्टा धरतोय कुठं?"

"अक्का, नियम म्हणजे नियम," दोरीपाशी उभा असलेला कार्यकर्ता म्हणाला. "पन्नासच्या खाली पलीकडं."

"दोरी मीच बांधलीय रं."

"म्हणून तर. तुमीच नियम मोडला तर लोक काय म्हणतील?"

त्या वाकून आपल्याच दोरीखालून पलीकडे गेल्या आणि सबनिसांच्या शेजारी गोणपाटावर बसल्या. सबनिसांनी सरकून जागा दिली. "या अक्का," ते म्हणाले, "इकडे हवा बरी आहे." पलीकडचे लोक हसले. अलीकडचेही हसले. गोदाक्काही हसल्या, पण त्यांनी हात पदराखाली घेतले होते.

बरोबर सहाला जीप आली. फटाके, गुलाल, घमेली, आणि मधोमध तात्यासाहेब, गळ्यात झेंडूच्या एवढ्या माळा की हनुवटी दिसेना. बोंद्रे पुढे धावले. "तात्यासाहेब, एकाहत्तर!"

"वा! वा!" तात्यासाहेबांनी त्यांची पाठ थोपटली आणि ते व्यासपीठाकडे वळले. तोच सतरंजीवरून कुणीतरी, केवळ उत्साहाने, ओरडले, "तात्यासाहेबांचा आकडा!"

ही मागणी वाईट हेतूने झाली नव्हती. त्या मंडळींना तो आकडा शंभर यायला हवा होता. दुसऱ्याने आवाज दिला, तिसऱ्याने घमेले बडवले आणि पाहता पाहता सगळी शेड एका तालात म्हणू लागली, "आ-क-डा! आ-क-डा!"

तात्यासाहेबांनी मजेत हात पुढे केला. मी तो ठोकळ्यावर ठेवला. इतका सुंदर हात मी त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. दांडी खाली आली. त्याच क्षणी त्यांनी दुसरा तळवा अलगद तबकडीवर झाकला आणि चेहऱ्यावरचे हसू तसेच ठेवून माझ्या कानाशी विचारले, "किती?"

"नऊ."

"यंत्र बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. उलट त्यांचे डोळे चमकत होते. दोन क्षण त्यांनी सभेवर नजर फिरवली. ती नजर सतरंजीवरून दोरीवर, दोरीवरून गोणपाटावर आणि तिथून गोदाक्कांवर जाऊन थांबली.

मग ते टेबलावर चढले. माझ्या टेबलावर.

"घट्टा तळहाताला असतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" ते गरजले.

कुणी सांगितले होते ते सर्वांना आठवत होते.

"घट्टा कातड्याला पडला तर त्यात विशेष काय? दगडालाही एकाहत्तर येतील! खरा घट्टा इथं असतो!" त्यांनी छातीवर हात मारला. माळांतला झेंडू उडाला. "तो यंत्रानं मोजता येत नाही! ही माउली बघा. अक्का, या. वर या. तुमचे हात दाखवा गावाला!"

दोन कार्यकर्त्यांनी गोदाक्कांना जवळजवळ उचलून आणले.

"या गावाची घाण धुता धुता हे हात झिजले! असे हात मऊ असतात, कारण ते निर्मळ असतात! ज्याचा हात निर्मळ, त्याचं मन निर्मळ. आणि ज्याच्या हाताला दगड बांधलाय, त्याच्या काळजालाही दगड बांधलेला असतो! आजपासून जाती दोनच. निर्मळ आणि निबर! सहा नंबरची उमेदवारी गोदावरी परीट यांना!"

मी तांत्रिक माणूस आहे. वाफेची एक झडप बंद केली आणि तेवढीच दुसरी उघडली, तरी मागचा दाब तोच राहतो हे मला शिकवले गेले होते. पण ते डोळ्यांसमोर मी त्या दिवशीच पाहिले. जी घमेली एकाहत्तरसाठी वाजत होती तीच आता त्याच तालात एकोणीससाठी वाजू लागली. सबनीस गोणपाटावर नाचत होते आणि आपला तळवा लोकांना दाखवत होते. "चौतीस! फक्त चौतीस!" ते सांगत सुटले होते. "आणि त्यातलेही दहा विटेचे आहेत!"

"पण तात्यासाहेब, एकाहत्तर!" बोंद्रे म्हणत होते. मघाचे खांदे त्यांच्याजवळ उरले नव्हते. कुणी ते मुद्दाम केले नव्हते. खांद्यांनाच नाचायला जायचे होते.

गोदाक्का टेबलावरून माझ्याकडे वाकल्या. गळ्यात तात्यासाहेबांची माळ होती.

"सायेब, मगा मी किती व्हते?"

"एकोणीस."

"आणि आता?"

"एकोणीसच, अक्का."

"मग ह्ये का नाचायल्यात?"

माझेही पाय हलत होते.

तात्यासाहेबांनी हात वर करून शांतता केली. "आता नव्या रिवाजानं बसा. निर्मळ पुढं, निबर मागं!"

कार्यकर्ते कामाला लागले. ज्यांना मी दुपारभर पन्नासच्या वर घालून सतरंजीवर पाठवले होते त्यांना उठवून ते पलीकडे नेऊ लागले. लोहार उठला. शेंगफोडीचे मजूर उठले. अडुसष्टचा शिवाप्पा उठला. आपण कशासाठी उठतो आहोत हे त्याला कळले नव्हते, पण सवयीने तो हसत होता.

"मी निबर का वो, अक्का?" दोरीपाशी थांबून त्याने विचारले. चेष्टेतच विचारले. पण त्याला आपले हात ठेवायला जागा सापडत नव्हती. मग त्याने ते बगलेत घातले.

गोदाक्कांनी ते पाहिले. त्या टेबलावरून उतरल्या आणि सरळ टेबलाशेजारच्या खांबापाशी जाऊन दोरीची गाठ सोडू लागल्या.

"अक्का, काय करताय?" कार्यकर्ता धावला.

"दोरी सोडायले."

"आवो, सभा चालू हाय!"

"चालू ऱ्हाऊ दे. दोरी माझी हाय. उद्या सोमवार. लॉजवाल्याच्या चादरी वाळत घालायच्यात."

पुढच्या रांगा हसल्या. तात्यासाहेबही हसत हसत खाली आले. त्यांच्याइतका हजरजबाबी माणूस मी पाहिलेला नाही, पण त्या क्षणी ते प्रथमच हळू आवाजात बोलले, तेही फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल असे.

"अक्का, उद्या नवी दोरी घेऊन देतो. दोन घेऊन देतो. आज असू द्या."

"दोरीवाचून सबा हुईत न्हाई व्हय?"

तात्यासाहेबांनी माझ्याकडे पाहिले, एका कारागिराने दुसऱ्या कारागिराकडे पाहावे तसे. "माणगावे, तुम्ही यांना समजावा. माणसं सतरंजीसाठी येत नाहीत. सतरंजी प्रत्येकाच्या घरी आहे. माणसं दोरीसाठी येतात."

ते मनापासून सांगत होते. चांगला मिस्त्री आपल्या हाताखालच्याला जशी खुबी सांगतो तसे.

"आणि उमेदवारी?" मी विचारले.

"उमेदवारी दोरीसकट."

गोदाक्का गाठीपाशी थबकल्या. त्यांनी एकदा नदीच्या दिशेला पाहिले. शेडच्या भिंतीपलीकडे नदी दिसत नव्हती, पण त्या कशाकडे पाहत आहेत हे मला समजले. उमेदवारी म्हणजे पालिका, पालिका म्हणजे तो पाइप. आणि समोर शिवाप्पा बगलेत हात घालून उभा.

"मग उमेदवारी ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. गळ्यातली माळ काढून त्यांनी खांबाला अडकवली. "दोरी न्हेते."

एका खांबाची गाठ सुटली, मग दुसऱ्याची. दोरी खाली पडली. सतरंजी आणि गोणपाट यांच्यामध्ये आता काहीच उरले नाही. निर्मळ आणि निबर एकमेकांकडे पाहत उभे राहिले आणि कुणी कुठे बसायचे हे कुणालाच कळेना.

"सायेब," गोदाक्का मोठ्याने म्हणाल्या, "त्ये टोक धरा की. येकटीला गुंडाळता येत न्हाई."

साऱ्या शेडने माझ्याकडे पाहिले. टेबलामागे माझी खुर्ची होती, खुर्चीवर पक्षाची रेशमी फीत, आणि टेबलावर माझे यंत्र. ‘हा आपला माणूस’ म्हणून माझा हात वर उचलणारे समोरच उभे होते. मी तात्यासाहेबांकडे पाहिले. त्यांनी हळूच मान हलवली: नको.

मी दोरीचे टोक उचलले.

गोदाक्का कोपर आणि अंगठा यांच्यात दोरी गुंडाळत माझ्याकडे येऊ लागल्या आणि मी ताण ठेवून त्यांच्याकडे जाऊ लागलो. मधली माणसे वाट द्यायला म्हणून एकमेकांत सरकली. कुणीतरी दोरीवरून उडी मारली. दुसऱ्याने मारली. मग सबनिसांनी मारली आणि ते अडखळून शिवाप्पाच्या अंगावर पडले. शिवाप्पाने बगलेतले हात काढून त्यांना झेलले. त्याबरोबर जो हशा उसळला तो त्या दिवसाच्या सगळ्या हशांहून वेगळा होता. त्याला घमेल्यांची साथ नव्हती. कुणाला मागे बसवले म्हणून तो आला नव्हता. बँकवाला हमालाच्या कडेवर बसला होता, एवढेच.

"चौतीस किलोच हाय की हो सायेब तुमी!" शिवाप्पा म्हणाला.

मी आणि गोदाक्का दोरीचे वेटोळे घेऊन दारापाशी आलो. पद्मावती तिथे उभी होती; केव्हा आली होती कोण जाणे.

"यंत्र राहिलं तुमचं," ती म्हणाली.

"राहू दे."

"बरं," ती म्हणाली आणि दोरीचे ओझे एका बाजूने उचलू लागली. या वेळी ते खरोखरच संमतीचे ‘बरं’ होते.

मागे तात्यासाहेबांचा आवाज पुन्हा चढला होता. त्यांनी दुसरी दोरी मागवली होती, ट्रकची, जाडजूड. ती बांधून होईपर्यंत सभा रंगात आली होती, आणि बोंद्र्यांच्या काळजाचा दगड विरघळला आहे असे जाहीर होऊन त्यांना उमेदवारीही मिळाली. घमेली वाजली. त्याच तालात.

दुसऱ्या दिवशी गोदाक्कांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. त्यांनी इस्त्री हे चिन्ह मागितले होते, मिळाली शिट्टी. पत्रके छापायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी प्रत्येक सदऱ्याच्या खिशात एक प्लॅस्टिकची शिट्टी घातली. नांदवडची पोरे तीन आठवडे कुणाला झोपू देईनात. कचेऱ्यांत साहेब रुमाल काढायला खिशात हात घालत आणि शिट्टी निघे. शिवाप्पा पोती उचलताना ती दातांत धरून वाजवी. सबनीस पतपेढीत चहाची वेळ झाली की वाजवीत. प्रचाराला मी आणि पद्मा दारोदार हिंडलो. मला भाषण येत नव्हते, पण शिट्टी बऱ्यापैकी वाजवता येत होती.

फेब्रुवारीत पालिकेने रंगखान्याचा पाइप बंद केला. ठराव गोदाक्कांनी मांडला होता. तो पुरेशा मतांनी मंजूर झाला, कारण सत्ताधारी पक्षाच्या सदस्यांचे सदरेही त्याच घाटावर धुतले जात होते.

मात्र निकालाचे पत्रक नगरपालिकेच्या फळ्यावर लागले होते ते त्याआधी डिसेंबरमध्ये, मतमोजणीच्या संध्याकाळी, आणि मी ते शेवटपर्यंत वाचले. एकूण जागा एकवीस. श्रमसन्मान आघाडी, चौदा. इतर पक्ष मिळून, सहा.

अपक्ष, एक.